ढेरीवाल्यांसाठी पीएसएची मर्यादा वेगळी हवी का?

पोटोबा५७: वय ५७, वजन १०८, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३६. कंपनीच्या तपासणीत पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं अँटिजेन, प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका घ्यायला मोजतात ते) ३.५ आला. ‘४ पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं, घरी श्रीखंडही आलं. मग २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकी अभ्यास वाचला आणि घास अडकला. लठ्ठ माणसाच्या रक्तात प्लाझ्मा जास्त. प्रोस्टेट सोडतं तेवढंच पीएसए जास्त पाण्यात पसरतं. चहाची पूड तीच, आधण वाढवलेलं. बीएमआय ३५ च्या वर आकडा ११ ते २१ टक्के कमी भरला. १५ धरले तरी माझे ३.५ म्हणजे ४.१! लॅबनं वजन विचारून मर्यादा बदलायला हवी, असं माझं ठाम मत.

कडूकारलं: नको. त्या अभ्यासातले सगळे आधीच कॅन्सरचं निदान होऊन ऑपरेशनला गेलेले होते. तो हिशोब धडधाकट माणसाला कसा लावणार? शिवाय ४ ही काही लक्ष्मणरेषा नाही. लघवीचं इन्फेक्शन, वाढलेली ग्रंथी, आदल्या दिवशीची सायकल, कशानंही आकडा चढतो. मर्यादा खाली आणली की बायोप्सी वाढणार. मग कधीच त्रास न देणारा कॅन्सर सापडायचा, ऑपरेशन व्हायचं आणि लघवी गळते म्हणून जन्मभर लंगोटात पॅड. या अँटिजेनवर १९७० मध्ये काम केलेल्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच सरसकट तपासणीविरुद्ध लिहिलंय.

सुनंदा_मावशी: अहो, पण लठ्ठ पुरुषांत साधा कॅन्सर कमी, जहाल जास्त दिसतो, त्याचं काय? ग्रंथी मोठी, म्हणून बायोप्सीच्या सुईलाही चुकतो. आमच्या ह्यांना प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड चालू आहे. त्यानं पीएसए निम्मा होतो म्हणून डॉक्टर आकड्याची दुप्पट धरतात. गोळीचा हिशोब चालतो, मग ढेरीचा का नाही?

कडूकारलं: मावशी, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. गोळीचा परिणाम बहुतेकांत साधारण सारखा, ढेरीचा नाही. आणि आपल्याकडे बीएमआय २५ झाला की लठ्ठ म्हणतात. त्यांना ३५ वाल्यांचा हिशोब लावला तर निम्मी सोसायटी युरॉलॉजिस्टकडे! त्यापेक्षा वर्षावर्षाचे आकडे बघा, शंका आली तर आधी एमआरआय करा.

पोटोबा५७: थांबा, सायकल म्हणालात? गेल्याच महिन्यात घेतलीय, वजन उतरावं म्हणून. रक्त द्यायलाही तिच्यावरूनच गेलो होतो. म्हणजे सायकलनं आकडा वर, ढेरीनं खाली. आता त्या ३.५ चं करायचं काय?

सुनंदा_मावशी: सहा आठवड्यांनी परत द्या. रिक्षानं जा.