मदत हवी आहे : इतका व्यायाम करूनही अंतराळात हृदय लहान का होतं?

नमस्कार मंडळी,

नववीच्या मुलांसमोर या विषयावर बोलायचं आहे आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. कुणी डॉक्टर किंवा जाणकार असाल तर कृपया सांगा.

स्कॉट केली २०१५-१६ मध्ये अंतराळ स्थानकात सलग ३४० दिवस राहिले. आठवड्यातले सहा दिवस व्यायाम चालू होता, ट्रेडमिल, सायकल सगळं. तरी हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचं वजन आठवड्याला साधारण पाऊण ग्रॅमने घटत गेलं. वजनरहित अवस्थेत रक्त डोक्याकडे सरकतं, शरीराला ते जास्तीचं वाटतं, मग रक्तातला द्रव कमी केला जातो. इथवर समजलं.

पण बेन्वा लकोंत या जलतरणपटूचं काय? २०१८ मध्ये प्रशांत महासागरात १५९ दिवस, रोज सरासरी सहाएक तास पोहूनही त्याच्या हृदयाची घट जवळपास त्याच वेगाने झाली! मुलं हेच विचारणार. (हल्लीची मुलं सोडत नाहीत.) आडवं पोहताना रक्त वर चढवावं लागत नाही, हे मान्य. मग एवढी मेहनत कमी का पडते? संथ पोहण्याचा हृदयावर पुरेसा ताण येत नाही म्हणून?

दुसरं, ही घट पेशी मरून होते की पेशी बारीक होऊन? दोघांच्याही हृदयाचं काम व्यवस्थित चालू होतं, त्यामुळे मला दुसरं वाटतं, पण खात्रीशिवाय वर्गात बोलायचं नाही.

मराठीत नावं दिलेली हृदयाची सोपी आकृती कुणाकडे असेल तर तीही पाठवा.