खेद, दिलगिरी, क्षमस्व... आणि शेरा

मंडळी, या शब्दांवर तुमचं मत हवं आहे. निमित्त एका मेलचं.

मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या ऑफिसात काम करते. फेब्रुवारीतली गोष्ट. निर्यातीचा रीफर कंटेनर (माल थंड ठेवून नेणारा) वेळेवर लागला नाही, शीतगृह भरलेलं, त्यामुळे मंगळवारी ठरलेली तोडणी शुक्रवारवर गेली. बागायतदारांना तसं कळवायचं काम एका नव्या सहकाऱ्याकडे होतं. त्याने मसुदा पाठवला आणि विचारलं, “ताई, एकदा नजरेखालून घालता का?”

मसुद्यात पहिला परिच्छेद नमस्काराचा, दुसरा यंदाच्या हंगामाचा. खरी बातमी तिसऱ्यात: “काही तांत्रिक कारणांमुळे तोडणी पुढे ढकलण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद आहे. क्षमस्व.”

आता शब्द पाहू. ‘खेद’ हा संस्कृत ‘खिद्’ धातूवरून आला, ‘खिन्न’ही त्याच घरातला. म्हणजे वाईट वाटणं. पण शेजारच्या गावात गारपीट झाली तरी आपल्याला खेद होतोच, त्यात आपली चूक कुठे असते? ‘दिलगीर’ फारसीतून आला. ‘जहांगीर’मधला ‘गीर’ म्हणजे पकडणारा, तोच इथे आहे. मन धरलं गेलेला, म्हणून उदास. मूळ अर्थाने दोन्ही शब्द दुःखाचेच, पण आजच्या मराठीत ‘दिलगिरी व्यक्त करतो’ म्हटलं की आपल्याकडून काही चुकलं हे मान्य करण्याची छटा येते, असं मला वाटतं. कंटेनरचं नियोजन आमचं होतं, तेव्हा इथे दिलगिरीच हवी.

‘क्षमस्व’ तर संस्कृतातला आज्ञार्थ, तोही एकवचनी: ‘तू क्षमा कर’. मराठीत तो ‘माफ करा’सारखा रुळलाय, त्याला माझी हरकत नाही. पण कारण न सांगता शेवटी एकटाच ठेवला, की तो कागदावर मारलेल्या शिक्क्यासारखा दिसतो.

मला सगळ्यात खटकला तो ‘गैरसोय’. बस उशिरा आली तर गैरसोय होते. साखर भरलेले घड वेलीवर आहेत आणि अवकाळीचे ढग आलेत, अशा वेळी तीन दिवस थांबायचं म्हणजे मणी तडकायची भीती. बागायतदाराच्या लेखी ते नुकसान आहे. शिवाय ‘ढकलण्यात येत आहे’ असं म्हटलं की ढकलणारा कुठे दिसतच नाही. ‘लांबली’ म्हटलं तर तोडणी आपली आपणच लांबल्यासारखी वाटते. ‘आम्हाला शुक्रवारपर्यंत थांबावं लागतंय’ यात निदान आम्ही दिसतो.

हे सगळं त्याला सांगायचं कसं, तिथे माझं चुकलं. मी समासात लिहिलं, “फार सरकारी वाटतंय.” दुपारभर पोरगं गप्प. तो शेरा होता. शाळेच्या वहीतला लाल शाईचा शेरा आठवा: काय चुकलं ते कळतं, काय करायचं ते कळत नाही.

मग त्याच्या टेबलापाशी खुर्ची ओढली आणि विचारलं, “तुझ्या मामांची बाग आहे ना निफाडला? त्यांना फोनवर कसं सांगशील?” तो लगेच म्हणाला, “मामा, मंगळवारचं जमत नाही, आमचा कंटेनरच लागला नाही. शुक्रवारी सकाळी सहाला माणसं येतील. तोवर पाऊस झाला तर मला लगेच फोन करा.”

म्हटलं, “हेच लिही. फक्त मामांच्या जागी ‘आदरणीय बागायतदार’ घाल, आणि शेवटी दिलगिरी.” पाच ओळींत मेल झाला. बातमी पहिल्याच ओळीत.

आता माझा खरा प्रश्न. खुर्ची ओढून जे केलं त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘अभिप्राय’ पाहुण्यांच्या वहीत शोभतो. ‘सूचना’ म्हटलं की फलक आठवतो. ‘प्रत्याभरण’ बीएडच्या पुस्तकात वाचलाय, पण ऑफिसात “जरा प्रत्याभरण दे” असं कुणी म्हणेल असं वाटत नाही. आमच्याकडे सगळे ‘फीडबॅक’च म्हणतात. मला ‘सुचवणं’ जवळचा वाटतो, कारण त्यात घ्यायचं की नाही ते समोरच्याच्या हातात राहतं. पण त्याचं नाम करायला गेलं की पुन्हा ‘सूचना’च हाती येते.

तुमच्या बोलण्यात याला काही शब्द आहे का?