युद्धकाळात कोणाला कुठे कामाला लावायचं, हे कसं ठरायचं? मदत हवी आहे

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनबद्दल वाचतोय, एका जागी अडकलोय. सुरुवातीला खाणकामगार सैन्यात आणि चांगल्या पगाराच्या कारखान्यांत गेले, कोळसा कमी पडायला लागला. मग डिसेंबर १९४३ पासून कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी चक्क सोडत काढली. टोपीतून आकडा निघायचा. भरतीच्या वयाच्या ज्या पोराच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा तोच, त्याची रवानगी सैन्याऐवजी खाणीत! (घरी काय तमाशे झाले असतील!) पण त्याआधीचा हिशेब कळत नाही. विमान कारखाने, खाणी, सैन्य, सगळेच माणसं मागणार आणि मागण्या फुगवूनच सांगणार. युद्ध मंत्रिमंडळ मनुष्यबळाचं बजेट करायचं, त्यात काटछाट कशाच्या आधारावर व्हायची? इतिहास किंवा अर्थशास्त्रवाले कोणी समजावेल का?