आपणहून राजीनामा दिल्यास बेरोजगारी भत्त्याचा हक्क जातो का?

प्रश्न :
गेले काही महिने माझा पगार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी होत असल्यामुळे मी नोकरी सोडण्याच्या विचारात आहे. "तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचे पत्र चांगले देऊ," असे व्यवस्थापनानेही सुचवले आहे. बेरोजगारी विम्याची वर्गणी माझ्या पगारातून नियमितपणे कापली गेली आहे. मात्र राजीनामा देणाऱ्याला भत्ता मिळतच नाही, असे सहकारी सांगतात. हे खरे आहे का?

प्रतिसाद १ :
सरसकट खरे नाही. हा विमा मुळात मनाविरुद्ध काम गेलेल्यांसाठी असल्यामुळे राजीनामा पाहताच भत्ता देणारे कार्यालय हात आखडता घेते, हे खरे. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारातही भत्ता रोखण्याची मुभा आहे ती योग्य कारणाशिवाय स्वेच्छेने काम सोडणाऱ्यापुरतीच, आणि १९८८ च्या १६८ क्रमांकाच्या कराराने हीच अट कायम ठेवली. अनेक देशांचे कायदे याच धर्तीवर आहेत. पगार थकणे हे सहसा सबळ कारण मानले जाते, मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी बहुधा अर्जदारावर येते. त्यामुळे पगार कोणत्या तारखेला आणि किती जमा झाला, हे दाखवणारा बँकेचा उतारा जपून ठेवावा आणि नोकरी सोडण्यापूर्वी थकबाकीची लेखी मागणी करावी. मालकाला चूक सुधारण्याची संधी दिली होती का, हा प्रश्न हमखास विचारला जातो.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या मते खरा धोका राजीनाम्याच्या मजकुरात आहे. सौजन्यापोटी आपण "वैयक्तिक कारणास्तव" असे लिहून मोकळे होतो, आणि पुढे कार्यालयाने मालकाकडे विचारणा केली की तेच पत्र आपल्याविरुद्ध पुढे येते. थकलेल्या पगाराचा उल्लेख महिन्यांसह पत्रातच करावा. परस्पर संमतीने करार करून बाहेर पडणेही वाटते तितके निर्धोक नाही : जर्मनीत असा करार सबळ कारणाशिवाय केल्यास साधारणपणे १२ आठवडे भत्ता रोखला जातो आणि भत्त्याचा एकूण कालावधीही कमी होतो. अनुभवाच्या चांगल्या पत्राचे आमिष मला तरी महागडे वाटते. नोकरकपातच होणार असेल, तर ती मालकाला करू द्यावी.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. कारण मान्य झाले, तर भत्ता लगेच सुरू होतो का?

प्रतिसाद ३ :
कारण मान्य होणे हा एकच टप्पा आहे. ठरावीक काळाची वर्गणी भरलेली असणे, काम करण्यास सक्षम आणि उपलब्ध असणे व प्रत्यक्ष काम शोधत असणे, याही अटी असतात. शिवाय सुरुवातीचे काही दिवस विनाभत्ता जाऊ शकतात. वर उल्लेखलेल्या १९५२ च्या करारात ही प्रतीक्षा सात दिवसांपर्यंत मान्य आहे. नावनोंदणी मात्र थकबाकीचा वाद मिटण्याची वाट न पाहता ताबडतोब करावी, कारण उशिरा नोंदणी केल्यास मधल्या दिवसांचा भत्ता बहुधा मिळत नाही. अर्ज फेटाळला गेल्यास अपिलाची मुदत निर्णयपत्रावर दिलेली असते आणि ती बरेचदा थोड्याच दिवसांची असते. अपील प्रलंबित असतानाही कार्यालयाने सांगितलेल्या तारखांना हजेरी लावत राहावी. अन्यथा निकाल बाजूने लागूनही त्या काळाची रक्कम अडकू शकते.