24 शाळा, एक वर्ष आणि 'परिणाम दाखवा': मूल्यमापन कुठून सुरू करू?

कणकुंबीचा_पाऊस

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यात, खानापुरातल्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. आम्ही चौघं, त्यात हिशेब बघणारे काका आठवड्यातून दोनच दिवस येतात. खानापूर आणि निपाणी तालुक्यांतल्या 24 सरकारी प्राथमिक शाळांत (16 मराठी, 8 कन्नड) चौथी-पाचवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर टॅबलेटवर वाचन-गणिताचा तास सुरू करायचाय. सोबत गावातलीच एक बारावी झालेली मुलगी शिकवायला. त्याच शाळांत सहावी-सातवीच्या मुलींना सरकारी लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या पोटात जातात की खिडकीतून बाहेर, याचाही पाठपुरावा करणार आहोत. (पालकसभेत "टॅबलेट देणार" म्हटल्यावर एका आजीनं विचारलं, "जेवायच्या आधी की नंतर?")

पैसे यंदा 12 शाळांपुरतेच आहेत. देणगीदार म्हणतात, पुढच्या एप्रिलपर्यंत परिणाम दाखवा. आमचे अध्यक्ष म्हणतात, जिथले मुख्याध्यापक उत्साही आहेत तिथं आधी देऊ.

माझी भीती वेगळीच आहे. गेल्या वर्षी सहा शाळांत आम्ही हेच करून बघितलं. शिकवणाऱ्या मुलींनीच चाचणी घेतली आणि गोष्ट वाचता येणाऱ्या मुलांचा आकडा दुपटीवर गेला. अहवाल छापला, फोटो छापले. नंतर मी एका शाळेत गेले, तोच कागद एका पोरापुढं धरला. तो गोष्ट घडाघडा म्हणत होता आणि त्याची नजर माझ्या चपलांवर होती.

तर किती मुलं तपासावीत? ॲपमध्ये आपोआप येणारे गुण चालतील का? चाचणी कुठल्या भाषेत घ्यावी? आणि मुलींचं रक्त तपासायचं का?

निपाणीकर_सध्या_पुण्यात

मुलं किती याच्या आधी शाळा किती ते बघा. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. तेच गुरुजी, तेच गाव, तोच गळका वर्ग. म्हणून 480 मुलं तपासली तरी माहिती 480 मुलांएवढी मिळत नाही. हिशेब सोपा आहे: दर शाळेतल्या मुलांतून एक वजा करा, त्याला शाळेतल्या साम्याच्या आकड्यानं गुणा, त्यात एक मिळवा. साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे सगळी अगदी सारखी) 0.2 धरलं आणि दर शाळेत 20 मुलं घेतली, तर 4.8 येतात. 480 ला 4.8 नं भागलं की उरतात 100. आता हौसेनं दर शाळेत 40 मुलं घ्या. 960 भागिले 8.8, म्हणजे 109. दुप्पट पायपीट करून कमाई नऊ मुलांची!

म्हणून 20 पुरेत. त्यापेक्षा सुरुवातीची चाचणी नीट घ्या. मुलामुलांत आधीपासून असलेला फरक त्यामुळं शेवटी वजा करता येतो. आणि अध्यक्षांना सांगा, उत्साही मुख्याध्यापकांची शाळा टॅबलेट नसतानाही पुढं गेली असती, मग टॅबलेटनं काय केलं हे कोण सांगणार? चिठ्ठ्या टाका. पैसे बाराच शाळांपुरते आहेत हे तुमचं भाग्य समजा, तुलनेला बाकीच्या आपोआप उरतात. उरलेल्या 12 शाळांना पुढच्या जूनमध्ये द्यायचं असं लेखी कबूल करा.

नंदगडची_अक्का

बघ पोरी, मी बावीस वर्षं या जिल्ह्यात आरोग्याच्या पाहण्यांवर काम केलं. आधी घरोघर फिरणारी, नंतर फिरणाऱ्यांच्या मागं फिरणारी. नमुन्याचा हिशेब वरच्या दादांनी सांगितला तो बरोबरच आहे. मी मोजायच्या साधनाबद्दल सांगते, कारण बहुतेक मूल्यमापनं तिथंच बुडालेली मी बघितली आहेत.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. 2002 ते 2005 या काळात बेळगावच्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक अभ्यास झाला, 2006 मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर फार रक्त जाऊन बायका मरतात, ते मिझोप्रोस्टॉल नावाच्या गोळीनं थांबतं का, हा प्रश्न. 1620 बायका, आणि गोळी देणाऱ्या 25 नर्सबाई, उपकेंद्रात नाहीतर घरीच बाळंतपण करणाऱ्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ. कुणाला कुठली ते बाईलाही ठाऊक नाही आणि बाळंतिणीलाही नाही. मी त्या अभ्यासात नव्हते, पण त्यातलं एक साधन नंतर प्रशिक्षणात हातात धरून बघितलं आणि ते कायमचं डोक्यात बसलं. प्लास्टिकची एक चादर. बाळ बाहेर आलं की बाळंतिणीच्या खाली सरकवायची. तिच्या टोकाला पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. बास, एवढंच.

त्याआधी काय चालायचं? अंदाज. फडकी किती भिजली ते बघून "जरा जास्तच गेलं बाई" असं म्हणायचं. आणि डोळ्यांचा अंदाज कमीच भरतो, अनुभवी बाईचा सुद्धा. पिशवीनं मोजलं तेव्हा दिसलं की पोकळ गोळीवाल्यांत 12 टक्के बायकांचं रक्त 500 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त गेलं, खऱ्या गोळीवाल्यांत 6.4 टक्के. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी याच कामासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. तशीच खुणांची चादर 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांच्या मोठ्या अभ्यासात वापरली गेली. अंदाजावर सोडलं असतं तर यातलं काय सिद्ध झालं असतं, तूच सांग की.

आता तुझ्याकडं ये. ॲपचे गुण म्हणजे ॲपनं स्वतःला दिलेले गुण. मूल ॲपमधल्या प्रश्नांना सरावतं, बटण कुठं दाबायचं ते शिकतं. शिवाय टॅबलेट न मिळालेल्या 12 शाळांत ॲप नाहीच, मग तुलना कशाशी? ते आकडे मुलं किती वेळ बसली एवढं बघायला ठेव. वाचनासाठी 'असर' या शिक्षणाच्या पाहणीतली पायरी बरी: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. 2005 पासून 'प्रथम' या संस्थेची मंडळी ही चाचणी देशभर घेत आहेत. एकेका मुलाला समोर बसवून, तोंडी आणि घरी जाऊन. घरी का, तर शाळेत न आलेलं मूल शाळेतल्या चाचणीत सापडतच नाही. आपल्याकडं पश्चिमेला पावसात आणि रोप लावणीच्या दिवसांत तर अर्धा वर्ग शेतात असतो.

तुझ्या मुलींनी चाचणी घेऊ नये, हे आता तुला कळलंच आहे. बाहेरची पोरं घे आणि कुठल्या शाळेला टॅबलेट मिळाला ते त्यांना सांगू नको. मुलं सांगतील म्हणा, पोरांच्या पोटात काही राहतंय का! सुरुवातीचा उतारा वेगळा, शेवटचा वेगळा. दहातल्या एका मुलाची चाचणी दुसऱ्याच कुणीतरी दोन दिवसांनी परत घ्यायची, आणि हे होणार आहे ते फिरणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. एकदा आमच्या एका पोरानं वडाखाली बसून अकरा घरांचे फॉर्म भरले होते. सापडला कसा? अकराही घरांत शौचालयाचं दार निळं!

भाषेचं म्हणशील तर मराठी उताऱ्याचं कन्नड भाषांतर करू नको. त्या भाषेत त्या पातळीचं वाक्य कुठलं ते कन्नड शिक्षकालाच विचार, आणि तुलना मराठी शाळेची मराठीशी, कन्नडची कन्नडशी. गणिताचा प्रश्न मात्र तोंडी, घरच्या बोलीत. कन्नड शाळेतही घरी मराठी बोलणारी पोरं भेटतातच. आणि पुण्याहून आलेला मराठी कागद आहे तसा वापरू नको. एका पाहणीत आमचा प्रश्न होता, "परसात काय लावलं आहे?" पोर गप्प. मी म्हटलं, "अरे, परड्यात!" तर त्यानं वांग्यापासून अळूपर्यंत सगळं सांगितलं. चोवीस सोडून दुसऱ्या दोन-तीन गावांत आधी कागद फिरवून बघ.

रक्त तपासू नको. बोटाला सुई टोचायची तर नीतिमत्ता समितीची मंजुरी पाहिजे, आईवडिलांची लेखी संमती पाहिजे, मुलीचाही होकार पाहिजे. त्यातून एखादीचं हिमोग्लोबिन 8 च्या खाली निघालं तर ती कुठल्याही गटातली असो, तुला तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यावं लागेल. चौघांना हे झेपणार नाही. आणि एक फसवणूक सांगते. सगळ्यात कमी हिमोग्लोबिनच्या मुली निवडल्या आणि सहा महिन्यांनी परत मोजलं, तर काही न करताही सरासरी थोडी वर येते, कारण पहिल्या दिवशी त्यांतल्या काहींचा आकडा चुकून खाली लागलेला असतो. यावर कित्येक संस्थांनी मिठाई वाटली आहे. तू गोळ्यांची पाकिटं मोज. आधी न सांगता जाऊन.

खानापूरचे_गुरुजी

नमस्कार. मी चौथीला शिकवतो, म्हणजे तुमच्या 'नमुन्यात' मीच असणार. गेल्या वर्षी आमच्या शाळेत तीन संस्थांनी चाचण्या घेतल्या. एकीनंही निकाल आम्हाला सांगितला नाही. मूल कुठं अडलं ते मला कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तिथूनच शिकवलं असतं की!

आणखी एक. तुमच्या 24 शाळांपैकी एका आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही शाळा किती ठिकाणी आहेत? शाळेवार चिठ्ठ्या टाकल्या आणि एकाच आवारात कन्नड शाळेला टॅबलेट निघाला, मराठीला नाही (किंवा उलटं), तर संध्याकाळपर्यंत तो टॅबलेटचा विषय राहणार नाही. आपल्या भागात राहता, जास्त काय सांगू. आणि मुलं तर दोन्हीकडची एकत्रच खेळतात, टॅबलेट तिकडून इकडं येणारच.

कणकुंबीचा_पाऊस

गुरुजी, यादी काढून बघितली. चार ठिकाणी एकच आवार आहे! हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. निकाल तुम्हाला त्याच आठवड्यात देऊ, शब्द.

अक्का, एक शंका राहिली. देणगीदारांना ऐकायचंय की टॅबलेटमुळं मुलं शिकली. पण आम्ही टॅबलेटही देतोय आणि शिकवायला मुलगीही.

निपाणीकर_सध्या_पुण्यात

मग 24 नव्हे, 20 चिठ्ठ्या. चार आवारं प्रत्येकी एक चिठ्ठी, उरलेल्या 16 शाळा एकेक. आवाराची जोडी आवाराशी, 12 मराठी शाळांच्या सहा जोड्या, चार कन्नड शाळांच्या दोन. प्रत्येक जोडीतली एक निवडली की दोन आवारं आणि आठ शाळा, म्हणजे बरोब्बर 12 शाळांना टॅबलेट. चिठ्ठ्या कमी झाल्या की अंदाज थोडा ढिला होतो, पण गुरुजींचं म्हणणं गणितापेक्षा मोठं आहे. हिशेबही वीसवरच मांडा.

नंदगडची_अक्का

टॅबलेटमुळं झालं असं तुला म्हणता येणार नाही, पोरी. ते आत्ताच लिहून कळव, एप्रिलमध्ये नको. उदयपूरकडच्या लसीकरणाच्या अभ्यासात तीन गट होते. काहीच न केलेल्या गावांत 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, नेमानं शिबिर भरवलं तिथं 18, आणि शिबिराला येणाऱ्या आईला दर वेळी किलोभर डाळ दिली तिथं 39. मधला गट होता म्हणून डाळीचा वाटा किती ते कळलं. तुला तसं करायचं तर नुसती शिकवणारी मुलगी असलेल्या शाळांचा तिसरा गट लागेल, आणि वीस चिठ्ठ्यांत तीन गट म्हणजे पाण्यात मीठ.

दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणकावर शिकवणाऱ्या कार्यक्रमाच्या केंद्रांवर 619 मुलांचा अभ्यास झाला, साडेचार महिन्यांत गणितात चांगली वाढ दिसली. पण तिथंही निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ माणूस. पेरूमध्ये नुसतेच लॅपटॉप वाटले, तिथं मुलांच्या गुणांत फरकच दिसला नाही. देणगीदारांना हे दोन्ही पाठव. "संध्याकाळच्या तासाचा परिणाम" एवढंच म्हण. त्यावर ते पैसे काढून घेणारे असतील तर आत्ताच कळलेलं बरं.

सुरुवातीची चाचणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरक, कणकुंबीकडं नंतर जीप जाणार नाही. आणि चिठ्ठ्या गटशिक्षण कार्यालयात, सगळ्या शाळांच्या समित्यांसमोर. उचलायला लहान मूल बोलाव, पण त्या 24 पैकी कुठल्या शाळेतलं नको.