ग्लेशियर 'व्याली' म्हणायचं का? भटकंतीच्या पिक्चरमधले अडलेले शब्द

बांधावरचा_भटक्या
मंडळी, एका शब्दावर अडलोय, हात द्या. आम्ही सात-आठ जण संभाजीनगरहून अंतूर, लोंझा, देवगिरी असे जवळचे किल्ले करत असतो आणि वर्षातून एकदा कन्नडकडच्या एका गावात देवळाच्या भिंतीला पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर पिक्चर दाखवतो. यंदा पोरं म्हणाली भटकंती पण पाहिजे आणि हे जे पाऊसपाणी फिरलंय त्याच्याबद्दल पण पाहिजे, म्हणून 'चेसिंग आइस' (२०१२) ठरवला. जेम्स बालोग नावाचा फोटोग्राफर आहे, त्यानं २००७ पासून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि मोंटाना इथल्या बर्फासमोर खडकाला कॅमेरे ठोकून ठेवले, उजेड असेपर्यंत ठराविक वेळानं आपोआप फोटो निघत राहतो आणि मग दोन-तीन वर्षांचे फोटो मिनिटभरात पळवले की बर्फ कसा मागं मागं गेला ते डोळ्यानं दिसतं. गड्याचे गुडघे कामातून गेलेले, डॉक्टर नको म्हणतात, तरी बर्फात चढायलाय.

पिक्चर इंग्रजी, गावातली म्हातारीकोतारी पण येऊन बसतात, त्यामुळं मी कडेला माइक घेऊन मराठीत सांगत जातो. बाकी सगळं जमतं पण 'कॅल्विंग' आलं की ततपप. हिमनदीचं समुद्राकडचं तोंड तुटून पाण्यात पडतं त्याला इंग्रजीत कॅल्विंग म्हणतात, आणि काफ म्हणजे वासरू, तर ते लोक चक्क म्हणतात की हिमनदी व्याली. मराठीत काय म्हणू?

गोदाकाठची_बाई
'हिमखंड विलग होणे' म्हणा की. किंवा 'हिमविदलन', विदलन म्हणजे फुटणं, दुभंगणं. संस्कृतातून शब्द नीट घडतो आणि पुस्तकात पण शोभतो.

काळीमाती_बीड
ताई राग मानू नका पण देवळासमोर बसलेल्या आज्ज्याला हिमविदलन म्हणलं तर त्याला वाटंल डाळीचा काहीतरी परकार हाय, विदल न द्विदल. सरळ 'व्याली' म्हणा. इंग्रजांनी गोठ्यातला शब्द उचलला तर आपल्या गोठ्यात काय कमी हाय? आमच्याकडं तर गाय व्याली, जनली, दोन्ही चालतं.

बांधावरचा_भटक्या
मला पण तेच वाटायलंय. आणि हिमनदी मराठीत बाईच आहे, त्यामुळं व्याली म्हणायला व्याकरणाची पण आडकाठी नाही. ग्लेशियर म्हणलं की मात्र गडबड, कोणी तो म्हणतं कोणी ते.

गोदाकाठची_बाई
पण भावार्थाचं काय? गाय व्याली की घरात आनंद असतो, खरवस होतो, शेजारी चीक वाटतात. इथं तर कडा कोसळतोय. सगळं जग काळजीत आणि तुम्ही बाळंतपणाची बातमी सांगणार?

लातूरचा_टँकर
पॉइंट आहे. मग 'गाभडली' म्हणा. गाभण जनावराचं दिवस भरायच्या आधी पडलं तर आपण गाभडली म्हणतो, माणसाला हा शब्द लावत नाहीत, फक्त जनावराला. दु:ख पण येतं त्यात आणि वेळेआधी झालं हे पण येतं.

बांधावरचा_भटक्या
वा! पण थांबा, इथं एक गोम आहे, ती आधी सांगतो, मग ठरवा. हिमनदीचा तुकडा पडणं हा काही रोग नाही. वरच्या अंगाला बर्फ पडतो, थरावर थर दाबला जातो, त्याच्या वजनानं सगळं हळूहळू उताराला लागतं आणि समुद्राला टेकलं की पुढचं टोक तुटतं. हे हजारो वर्षं चालू आहे. म्हणजे हे तिचं नेहमीचं वेत आहे. दुसऱ्या वेताची, चौथ्या वेताची म्हणतो ना आपण, तसं. आता काय झालंय की समुद्राचं पाणी खालून कोमट, वरून वितळलेलं पाणी भेगांमध्ये उतरतं, आणि जेवढा बर्फ वरून येतो त्यापेक्षा जास्त पुढून तुटतो. त्या पिक्चरमध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसाट हिमनदीचा हिशोब सांगितलाय, आधीच्या शंभर वर्षांत तोंड मागं हटलं साधारण १३ किलोमीटर आणि २००० नंतरच्या दहाच वर्षांत १४ किलोमीटर.

म्हणजे व्याणं वाईट नाही, खाणं कमी आणि वेतं जास्त झालीत हे वाईट. अशा गाईला आपण काय म्हणतो? खंगली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

काळीमाती_बीड
झालं की मंग. तुकडा पडला की 'व्याली' अन् एकंदर हालत सांगायची तर 'खंगली'. एका शब्दात सगळं कोंबायचं कामून?

गोदाकाठची_बाई
हे पटलं. विदलन मागे घेते. पण आता तुमचा मोर्चा हिमनगाकडे वळण्याआधी मीच सांगते, तो शब्द मला लहानपणापासून आवडतो कारण त्यात मोठी गंमत आहे. नग म्हणजे डोंगर, आणि फोड 'न ग', जो जात नाही, हलत नाही तो. आणि हिमनग तर समुद्रात हिंडत असतो! न हिंडणाऱ्याचं नाव हिंडणाऱ्याला.

लातूरचा_टँकर
आमच्याकडं 'काय नग आहे' म्हणजे वेगळंच 😄 आणि दुकानात चार नग द्या म्हणजे चार पीस. त्या हिशोबानं तुटलेल्या बर्फाला नग बरोबरच बसतो, एक नग, दोन नग. व्याल्यावर वासरू पडलं त्याचं नाव नग.

सातमाळा_उंडगा
उशिरा आलो. 'आउटडोअर ॲडव्हेंचर फिल्म'ला काय लिहिताय पत्रकावर? मागं आमच्या ग्रुपनं 'उघड्यावरचे चित्रपट' लिहिलं होतं, ग्रामसेवक म्हणाला साहेब हे गाव हागणदारीमुक्त आहे, शब्द बदला.

बांधावरचा_भटक्या
😂😂 मेलो. आम्ही पण फसलो असतो. आणि आपल्याकडं पिक्चर उघड्यावरच दाखवणार म्हणल्यावर डबल घोळ, पिक्चर उघड्यावरचा का पडदा उघड्यावरचा? जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघितलेल्या लोकांना अजून वेगळंच वाटेल. 'डोंगरातले पिक्चर' एवढंच लिहितो. साहसपट वगैरे मला वर्गात बसल्यासारखं वाटतं.

सातमाळा_उंडगा
आणि 'क्लायमेट चेंज'?

गोदाकाठची_बाई
हवामान बदल. शाळेच्या भूगोलात आज-उद्याची ती हवा आणि वर्षानुवर्षांचं सरासरी ते हवामान असा फरक शिकवतात, तो चांगला आहे. जलवायू परिवर्तन मात्र नको, ते हिंदीतून आलेलं.

काळीमाती_बीड
ताई पुस्तकात फरक हाय, बोलण्यात न्हाई. हवामान खातं उद्याचा पाऊस सांगतंय, मंग हवामान म्हणजे उद्याचंच झालं की. माझ्या आईला हवामान बदल म्हणलं तर ती म्हणली कोण चाललंय हवा बदलायला, महाबळेश्वरला का. आमच्यात म्हणतात 'पाऊसकाळ ऱ्हायला न्हाई'. किंवा 'निसर्ग फिरला'. २०१४ ला फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली, हरभरा-गहू झोपला, द्राक्षाच्या बागा भुईसपाट, तवा सगळे हेच म्हणत होते, निसर्ग फिरला. कोणी हवामान बदल म्हणलेलं मी तरी ऐकलं न्हाई.

लातूरचा_टँकर
२०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, स्टेशनवर हार घालून फोटो. 'जलदूत' नाव दिलं होतं, सरकारी नाव चांगलं असतंच. आम्ही नुसतं 'पाण्याची गाडी' म्हणायचो. तेव्हा माझ्या पुतण्यानं भूगोलात हिमनदी वाचली आणि विचारलं काका नदी आहे तर पाणी का नाही? मी म्हणलं मांजरा नदीत तरी कुठं आहे. त्याला पटलं!! तेव्हापासून मला हिमनदी शब्दाचं काही वाटत नाही, पाणी न वाहता नदी म्हणायची आपल्याला सवय आहे.

सातमाळा_उंडगा
हे लिहून ठेवण्यासारखं. अजून एक, त्याच दिग्दर्शकाचा, जेफ ऑर्लोव्स्कीचा, २०१७ चा प्रवाळांवरचा पिक्चर आहे 'चेसिंग कोरल'. तो पण दाखवायचा विचार आहे. त्यात 'ब्लीचिंग' शब्द सारखा येतो. आपल्याकडं ब्लीचिंग म्हणजे ग्रामपंचायतीची पावडर. काय म्हणावं?

गोदाकाठची_बाई
विरंजन. (मला माहितीय कोणी ऐकणार नाही.)

बांधावरचा_भटक्या
कोरल म्हणजे पोवळं, अंगठीतल्या पोवळ्याचंच भाऊबंद. तर ते पोवळ्याचे बारके जीव स्वतःच्या पेशीत एक शेवाळ सांभाळतात, त्याच्यामुळं रंग आणि बरचसं अन्न. पाणी काही आठवडे जास्त तापलं की ते शेवाळ बाहेर टाकतात आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. मेलेले नसतात अजून. पाणी लवकर थंड झालं तर शेवाळ परत येऊ शकतं, नाहीतर उपाशी मरतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६ मध्ये असं फार मोठ्या पट्ट्यात झालं, पिक्चरमध्ये तेच आहे.

काळीमाती_बीड
मंग त्याला 'पांढऱ्या' म्हणा. कापसावर लाल्या पडतो तसा पोवळ्यावर पांढऱ्या पडला. करपा, तांबेरा, भुरी, लाल्या, सगळी नावं रंगावरून न दिसण्यावरूनच पडलीत. अन् ऐका, लाल्या हा काही किडीचा रोग न्हाई, झाडाला मॅग्नेशियम-नत्र कमी पडलं, हवा बदलली, झाडाला ताण बसला की पानं लाल होत्यात. तुम्ही सांगायले तसंच, कोणी बाहेरून येऊन खाल्लं न्हाई, ताणानं रंग गेला. येळेवर फवारा मारला तर झाड सावरतंय पण.

सातमाळा_उंडगा
दादा पाया पडतो. 'पोवळ्यावर पांढऱ्या पडला'. फायनल.

गोदाकाठची_बाई
विरंजनही मागे घेते. आज माझा दिवस नाही.

लातूरचा_टँकर
बर्फाला उभं खोल भोक पडतं ज्यातून वितळलेलं पाणी आत जातं, त्याला? दोराला लटकून आत उतरतात ना लोक.

काळीमाती_बीड
आड. विहीर म्हणू नका, विहीर रुंद असती. अरुंद, गोल, सरळ खाली गेलेला तो आड. बर्फातला आड.

बांधावरचा_भटक्या (बारा दिवसांनी)
झाला कार्यक्रम. वारा सुटला होता, चादर फडफडत होती, ग्रीनलंडला भूकंप आल्यासारखं. पोरं पुढं, बाया पारावर, म्हातारे मागं बाकड्यावर. २८ मे २००८ चा तो मोठा सीन आला, ऑर्लोव्स्की आणि त्याचा जोडीदार कित्येक दिवस तंबूत बसून त्याचीच वाट बघत होते, आणि मी माइकवर म्हणलं, "बघा, आता हिमनदी व्यायलीय." एकदम शांत. सव्वासात-साडेसात घन किलोमीटर बर्फ पडला म्हणून आकडा सांगितला, कोणाला काही वाटलं नाही. मग म्हणलं जायकवाडी काठोकाठ भरलं तर जेवढं पाणी, त्याच्या दुपटीनं जास्त. तेव्हा मागून 'आरं तिच्या' ऐकू आलं. बर्फाचे सुळके पाण्यात उलटे होऊन परत वर येतात ना, तेव्हा एक बाई म्हणाली, "पाय आधी आले जणू."

संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, किती वेळ चाललं होतं हे? म्हणलं पिक्चरमध्ये थोडं दाखवलंय, खरं ७५ मिनिटं चाललं होतं.

आजोबा म्हणाले, "मंग व्याली नको म्हणू बाबा. अडली होती ती."

आता बोला. गाय अडणे हा शब्द मी कसा विसरलो?

काळीमाती_बीड
आज्ज्याचा नंबर हाय का. पुढच्या शब्दाला थेट त्येलाच इचारू.