मदत हवी आहे: 'चिबड' जमीन म्हणजे दलदल का?

प्रश्न:
शेतीविषयक पुस्तिकेचं संपादन चालू आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या मजकुरात 'चिबड जमीन' सारखं येतं. तिथे 'दलदल' लिहिलं तर चालेल? 'चोपण' म्हणजे तेच का?

प्रतिसाद १:
'दलदल' नको, अर्थ बदलेल. दलदलीत पाय रुततो, पाणी डोळ्यांना दिसतं. चिबड रान वरून पुष्कळदा धड दिसतं, ओल खालून चढलेली असते. कृष्णा-वारणाकाठच्या खोल काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिलं आणि निचरा झाला नाही, की भूजल मुळांपाशी येतं. मुळांना हवा मिळत नाही, ऊस पिवळा पडतो, फुटवे थांबतात. उन्हाळ्यात ३ फूट खड्डा घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पाणी दिसलं तर रान चिबडलंय.

'चिबडणे' असं क्रियापदही आहे: 'ओढ्याकडचं रान चिबडलं', 'पावसानं भुईमूग चिबडला'. कोकणातलं चिबूड हे फळ, त्याच्याशी गल्लत नको.

प्रतिसाद २:
चोपण वेगळी. तिथे दोष सोडियमचा: सामू (pH) ८.५ च्या वर, विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांहून जास्त. ओली असताना चिकट, वाळली की दगड. सुकं ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. पाणी गढूळ होऊन तसंच राहिलं तर चोपणाचा संशय घ्या आणि माती तपासून घ्या.

हा फरक पुस्तिकेत यायलाच हवा. चोपणाला जिप्सम (कणांना चिकटलेलं सोडियम सोडवणारं कॅल्शियमचं खनिज) लागतं, नुसत्या चिबड रानाला पाणी काढून देणारा चर. एकच रान चिबडही असतं नि चोपणही, तेव्हा आधी चर, मग जिप्सम. उलट केलं तर सुटलेल्या सोडियमला धुऊन जायला वाटच नसते, खर्च वाया. चराला १०० फुटांना साधारण ३ इंच उतार द्या, आणि तोंड ओढ्यातल्या पाण्याच्या वर ठेवा. तोंड बुडालं की ओढ्याचं पाणी उलटं रानात शिरतं.

प्रतिसाद ३:
'खाजण'ही इथे बसणार नाही. ती भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्याची, खाडीकाठची जमीन. गोव्यात तिला बांध घालून, 'मानस' म्हणजे झडप बसवून भात घेतात.

प्रश्नकर्ता:
मग 'चिबड'च ठेवतो. कंसात 'पाणी मुरून खराब झालेली' असा अर्थ देऊ?

प्रतिसाद १:
'मुरून' काढा. पाणी मुरतं म्हणजे खाली जातं, इथे ते जात नाही हीच तर तक्रार आहे. 'निचरा न झाल्यानं पाणी धरून राहिलेली' असं लिहा.